हार्मोनियमबाईंचं रेकॉर्डिंग

उम्म अल कुवैनमध्ये आमच्या बिल्डिंगीत चांगला माइक असलेला टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंडियाला फोन लावला की घड्याळाकडे बघत बोलावं लागे, म्हणून आम्ही सासूबाईंना रत्नागिरीला कॅसेट भरून पाठवायचो. त्यात मुलीच्या कविता, माझी खुशाली, नवऱ्याचं ‘आई, औषधं वेळेवर घे’, आणि मागे एसीची अखंड घरघर. मग एका हिवाळ्यात सासूबाई स्वतःच व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या आणि टेपरेकॉर्डर कपाटावर जाऊन बसला.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक कोरियन जोडपं राहायचं. नवरा समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर. बायको माझ्याच वयाची, हसरी. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी वेगवेगळ्या बाजूंनी मोडकं होतं, त्यामुळे एकमेकींना छान जुळायचं. तिला नुकतंच बाळ झालं होतं आणि बाळंतपणाला तिची आई आली होती. कोरियन भाषेत आजीला हालमोनी म्हणतात. सासूबाईंनी ते नाव पहिल्या दिवशीच दुरुस्त करून हार्मोनियम केलं.

हार्मोनियमबाई बुटक्या, मजबूत, केस बारीक कुरळे केलेले, ढगळ फुलाफुलांची विजार, आणि घरातसुद्धा डोक्यावर उन्हाची टोपी. नातू पाठीला कापडाने बांधलेला. त्या लेकीला रोज समुद्री शेवाळाचं सूप पाजत. सासूबाई एकदा त्यांच्या भांड्यात डोकावून आल्या आणि म्हणाल्या, “बाळंतिणीला शेवाळ घालतायत गं! पोरीचं पोट काय तळं आहे का?” दुसऱ्या दिवशी त्या अळिवाचे लाडू घेऊन गेल्या. हार्मोनियमबाईंनी लाडू हुंगला, फोडला, आत बघितलं आणि तसाच परत डब्यात ठेवला. तेव्हापासून दोन्ही दारांमधलं हवामान थोडं थंड होतं.

एके दुपारी शेजारीण माझ्याकडे आली. तिची धाकटी बहीण कोरियात कॉलेजात शिकत होती. त्यांच्या बंदरगावातला जुना बाजार पाडून नवा बांधणार होते, म्हणून बहिणीचे सर आणि विद्यार्थी तिथल्या विक्रेत्या बायकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टेप करून ठेवत होते. सगळ्या बायकांच्या झाल्या होत्या. राहिली होती फक्त त्यांची स्वतःची आई, जी त्या बाजारात उभा जन्म सुकी मासळी विकत होती आणि ऐन वेळी इकडे येऊन बसली होती.

“बहीण म्हणते, तिथेच बोलतं कर आणि कॅसेट पाठव,” शेजारीण म्हणाली. “तुझ्याकडे मशीन आहे ना?”

मशीन होतं. मला एकदम आपण रेडिओवर असल्यासारखं वाटायला लागलं.

पहिलं रेकॉर्डिंग त्यांच्या सोफ्यावर झालं. हार्मोनियमबाई केस चापून, पासपोर्टचा फोटो काढायला बसतात तशा बसल्या. मी माइक पुढे धरला. लेकीने प्रश्न विचारला. बाईंनी एक वाक्य टाकलं आणि ओठ मिटले.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“मासे विकले, मुलं मोठी झाली, बास.”

“आणखी काही विचार ना.”

तिने विचारलं. उत्तर आलं.

“म्हणते, त्यानंतर आणखी मासे विकले.”

कॅसेट मात्र फिरत होती. पुढे ती आम्ही ऐकली तेव्हा तिच्यावर मुख्यतः माझं खाकरणं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही युक्ती केली. हात कामात असले की बाई मोकळ्या होतील, असं शेजारणीचं म्हणणं. कोरियाहून आणलेल्या बारीक वाळवलेल्या माशांची पिशवी तिने जमिनीवर ओतली. त्यांची डोकी मोडून पोटातला काळा भाग काढायचा असतो. हार्मोनियमबाई कामाला लागल्या, शेजारीण लागली, मीही लागले. गंमत बघायला आलेल्या सासूबाईंना राहवेना, त्याही पदर खोचून बसल्या. कॅसेटवर कट्ट, कट्ट, कट्ट असा आवाज भरत गेला. मध्येच बाई काहीतरी जोरात बोलल्या. मी घाईने माइक पुढे केला.

शेजारीण अवघडून म्हणाली, “ती म्हणते, तुझ्या सासूचा हात चांगला आहे. तुझा नाही.”

“काय म्हणते गं हार्मोनियमबाई?” सासूबाईंनी विचारलं.

मी भाषांतराचा पहिला अर्धा भाग सांगितला. सासूबाईंचा चेहरा उजळला. शेवाळ, लाडू सगळं माफ झालं. “समजतं तिला,” त्या म्हणाल्या आणि आणखी वेगाने डोकी मोडायला लागल्या.

पण आठवणी काही येईनात. शेवटी शेजारणीने वैतागून आईला विचारलं, अगं, बाजारात तर तुझं तोंड बंद नसायचं, इथे काय झालं? त्यावर बाई बराच वेळ बोलल्या आणि शेजारीण हसायलाच लागली.

“ती म्हणते, समोर गिऱ्हाईक नाही, शेजारी भांडायला कुणी नाही, मग बोलायचं कुणाशी? सोफ्यावर बसून एकटी बडबडले तर तुम्हीच मला डॉक्टरकडे न्याल.”

मग काय, बाजारात न्यायचं ठरलं. उम्म अल कुवैनला खाडीच्या काठी मासळीबाजार होता. तिथे कडेच्या सावलीत चटईवर एक म्हातारी अरब बाई बसायची. काळी अबाया, चेहऱ्यावर नाक झाकणारी सोनेरी झाक असलेली ती जुन्या पद्धतीची मुखपट्टी, हातात खजुराच्या पातीचा पंखा. पुढे सुक्या मासळीचे ढीग, लिंबं, तुपाच्या बाटल्या. सगळे तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी. आपणही एका अस्सल बाजारात बाईंना फिरवून आणू, गाडीत परतताना त्या खुलतील, इतकाच आमचा बेत होता. शेजारीण गाडी चालवणार, मी टेपरेकॉर्डर धरणार. सासूबाई न सांगताच मागच्या सीटवर येऊन बसल्या. “मासे कळणारं कुणीतरी बरोबर हवं,” त्या म्हणाल्या.

हार्मोनियमबाई आपला खिशाखिशांचा जुना ॲप्रन बांधून आल्या होत्या. तो त्यांनी कोरियाहून का आणला होता, देव जाणे. बाजारात शिरल्या आणि त्यांची चालच बदलली. पाठीवर नातू, कोपर बाहेर. थेट खालाच्या ढिगापुढे जाऊन उकिडव्या बसल्या. एक मासा उचलला, वाकवला, हुंगला, मोडला आणि खाल्ला. खाला बघत राहिली. मग बाईंनी मान हलवली आणि कुणाला काही कळायच्या आत तो सगळा ढीग दोन्ही हातांनी पसरून पुन्हा रचायला घेतला. मोठे मासे वर, डोकी बाहेरच्या बाजूला, गोलाकार.

फट् असा आवाज आला. खालाने पंखा बाईंच्या हातावर मारला होता.

त्यानंतर जे झालं ते कॅसेटवर पूर्ण आलं, कारण घाबरून माझं बोट रेकॉर्डच्या बटणावर दाबलं गेलं. खाला अरबीत, बाई कोरियनमध्ये, दोघी एकाच वेळी आणि एकाच पट्टीत. शेजारीण “सॉरी, सॉरी” करत मध्ये उभी. बाळ गाढ झोपलेलं. आणि सासूबाई हिंदीतून न्यायनिवाडा करायला पुढे.

“अरे झगडा मत करो! ये तो अपनी मांदेली है!” त्यांनी एक मासा दोघींच्या मध्ये धरला. “मां-दे-ली!”

“मेल्ची!” हार्मोनियमबाई ओरडल्या. त्यांच्याकडे त्याला ते म्हणत.

खालाने जे नाव सांगितलं ते घशात सुरू होऊन घशातच संपलं, मला ते आजही उच्चारता येत नाही. आता भांडण माशाच्या नावावर गेलं. तिघीही एकच मासा एकमेकींच्या नाकापुढे नाचवत होत्या.

एवढ्यात एक पिकअप थांबली आणि पठाण ड्रायव्हर उतरला. त्याला बहुतेक लिंबं हवी होती. त्याला पाहताच हार्मोनियमबाई भांडण अर्धवट सोडून वळल्या आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, “सासेयो! सासेयो!”

सासूबाई दचकल्या. “मला कशाला बोलावते? मी इथेच उभी आहे की!”

“सासेयो म्हणजे ‘विकत घ्या’,” शेजारणीने घाईने सांगितलं.

बाईंनी त्या पठाणाचा हात धरला, तळव्यावर एक मासा ठेवला आणि खा अशी खूण केली. सहा फुटी माणूस, पण त्याने मुकाट्याने खाल्ला. मग लिंबं विसरून पिशवीभर मासळी घेऊन गेला. पैसे त्याने खालाच्या हातात दिले आणि जाताना एकदा मागे वळून पाहिलं, सुटलो की नाही याची खात्री करायला.

खालाने नव्याने रचलेल्या ढिगाकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, आणि मांडी सरकवून चटईवर जागा केली.

“यल्ला,” ती म्हणाली, म्हणजे चल.

हार्मोनियमबाई तिच्या शेजारी बसल्या. आणि बसल्या त्या बोलायलाच लागल्या, थांबेचनात. गिऱ्हाईक आलं की “सासेयो”, गेलं की गोष्ट पुढे चालू. शेजारीण माझ्या कानात भाषांतर करत होती, मी माइक धरून वाळूत बसले होते.

गोष्टीत एक दुसरी बाई होती. बाजारात तिची शेवाळाची गादी आणि बाईंची मासळीची गादी अगदी लागून. दोघींच्या मध्ये वीतभर जागा. ती वीत कुणाची, यावर त्या दोघी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत भांडल्या. रोज पहाटे जी आधी येई ती आपली पेटी बोटभर पुढे सरकवी. दुसरी आली की ती लाथेने मागे लोटी. एकदा बाईंनी पेटीला खिळे ठोकले, तर दुसरीने खिळ्यांसकट जमीन उकरली. नवऱ्याशी, सासूशी, म्युनिसिपालटीच्या माणसाशी कधी इतकं भांडल्या नाहीत, असं बाई अभिमानाने म्हणाल्या.

मग एका थंडीत ती बाई आजारी पडली. येईना. सगळी वीत रिकामी. बाईंनी पहिल्या दिवशी आपला माल ऐसपैस पसरला. पण आरोळ्या काढायला मजा येईना. पलीकडून कुणी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडतच नव्हतं. गिऱ्हाइकंही रेंगाळत नव्हती. भांडण बघायला थांबणारे लोकच मग काहीबाही घेऊन जायचे, हे बाईंना तेव्हा कळलं. शेवटी त्या भाताची पातळ पेज करून तिच्या घरी गेल्या.

“पेज?” सासूबाईंनी मला विचारलं. “आपल्यासारखी पेज?”

“हो, तशीच.”

“मग बरोबर केलं,” सासूबाई म्हणाल्या.

पण तिथेही भांडण झालंच. शेवाळवाली म्हणाली, पेजेत मीठ कमी आहे. बाई म्हणाल्या, उठून घे की मग. ती खरंच उठली, मीठ घेतलं, आणि पुढल्या आठवड्यात गादीवर आली. आता इकडे येताना बाईंनी आपल्या गादीवर तिलाच बसवलं होतं. “ती माझी पेटी सरकवणार,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरासा ओला झाला. “परत गेले की बघते तिला.”

मी कॅसेटची बाजू बदलत होते, तोवर खाला सुरू झाली. तिला त्यातला एक शब्द कळला नव्हता, पण सूर कळला असावा. चहा घेऊन आलेला मलबारी आम्हाला हिंदीत सांगू लागला. खाला तरुण असताना मासळी गाढवावर लादून आत वाळवंटातल्या वाडीपर्यंत विकायला जायची. ते गाढव तिने गाणं म्हटल्याशिवाय हलत नसे. तेही एकच गाणं, लग्नातलं. एकदा तिचा घसा बसला, आवाज गेला. गाढव अर्ध्या वाटेत उभं. मग वाटेने जाणाऱ्या एका अनोळखी उंटवाल्याला तिने खुणेने विनवलं, आणि तो दाढीवाला माणूस वाडीपर्यंत नवरीचं गाणं गात गेला. खालाचे खांदे हसण्याने गदगदत होते. तिच्या मुखपट्टीच्या वर फक्त डोळे दिसत, पण त्यांना पाणी आलं होतं.

इतक्यात माझ्या हातातला माइक कुणीतरी ओढला. सासूबाई होत्या.

“चालू आहे ना हे?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सुरुवात केली. “लग्नाआधी मी आत्याबरोबर दर आठवड्याच्या बाजाराला बसायची. सुकट, सोडे, कोकम, काजू.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या माहेरची प्रत्येक विहीर आणि प्रत्येक फणस मला तोंडपाठ होता. बाजाराचा शब्द कधी निघाला नव्हता. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांनी एक हात कमरेवर ठेवला होता, आणि मध्येच त्यांनी ती आरोळी काढून दाखवली, “सोडे घ्याऽऽ सोडे!” इतकी खणखणीत, की हार्मोनियमबाईंनी टाळी वाजवली. पलीकडचा ताज्या मासळीचा विक्रेता उठून बघायला आला.

घरी पोचलो तेव्हा मुलीने आमचा वास घेतला आणि म्हणाली, “ममा, यू ऑल स्टिंक.”

कॅसेटी पोस्टाने कोरियाला गेल्या. काही आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. शेजारीण हसून हसून खाली बसली, मग माझ्याकडे येऊन सांगू लागली. त्यांच्या वर्गात कॅसेट लावली होती. आईची वीतभर जागेची गोष्ट सरांना फार आवडली. त्यानंतर सासूबाईंचा मराठी भाग सुरू झाला. वर्गाला वाटलं, ही दूरच्या कुठल्यातरी बेटावरची कोरियन बोली असणार. सगळे आदराने माना डोलवत ऐकत होते. एका मुलाने तर वहीत लिहूनही घेतलं. सरांनी विचारलं होतं, या आजीबाई कोणत्या बेटावरच्या?

“रत्नागिरीच्या म्हणून कळव,” सासूबाई म्हणाल्या.

हार्मोनियमबाई वसंतात परत गेल्या. सासूबाईंचा व्हिसा अजून शिल्लक होता, आणि आता त्यांना बाजाराची चटक लागली होती. मुलगी शाळेत, नवरा फॅक्टरीत, मी भाजी आणायला बाजाराकडे गेले की बरोबर येऊन त्या खालाच्या चटईवर. साडी, पायांत माझे स्पोर्ट्स शूज, हातात खालाने दिलेला पंखा. दोघींचं काय बोलणं व्हायचं कोण जाणे. “अगं, पाच दिरहमला एवढीशी पिशवी! म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये झाले!” असं त्या पहिल्या दिवशी मला सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच गिऱ्हाइकाला पाच बोटं दाखवत होत्या.

हे नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याच्या इजिप्शियन मॅनेजरने ते उघडकीला आणलं. हा मॅनेजर आमच्याकडे जेवून गेलेला. तो रजेवर असताना एका सकाळी बायकोबरोबर मासळी घ्यायला गेला. खालाच्या चटईवर ओळखीचा चेहरा दिसला. तो खूश होऊन “मामा!” म्हणाला, त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात, आणि सवलत मागितली. सासूबाईंनी पंखा उगारून सांगितलं, “नो हबीबी! फिक्स प्राइस! खलास!”

त्याने निमूट पूर्ण पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं, “तुझ्या आईला आपल्या सेल्समध्ये आणतोस का?”

नवरा घरी आला तो पांढरा पडलेला.

“आई, तू व्हिजिट व्हिसावर आहेस! काम करताना पकडलं तर तुला नाही, मला हाकलतील इथून!”

“काम कोण करतंय? मी बसते तिथे. बसायला वेगळा व्हिसा लागतो?”

“मग ते फिक्स प्राइस कोण म्हणालं?”

“खाला नमाजाला गेली होती. तेवढ्यात कुणीतरी तोंड चालवायला नको?”

“पण तुला विकता येतं कुठे, आई!”

यावर मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताटात भात वाढला, आमटी वाढली, आणि मग त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, “लग्नाआधी मी बाजारात बसायची.”

त्याचा घास हातातच राहिला. “मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुझ्या आजीला ते कमीपणाचं वाटायचं. घरात विषय काढायचा नाही म्हणाली. मग तुम्ही मुलं शिकलात, साहेब झालात. कुठे मध्येच सांगायचं?” त्यांनी आणखी आमटी वाढली. “पण छान होते मी. आत्या म्हणायची, ही काहीही विकेल. एकदा तर मी तिची छत्रीच विकली.”

“छत्री?”

“उन्हाला म्हणून काजूच्या पाटीवर टेकवून ठेवली होती. एक माणूस म्हणाला, केवढ्याला? मी भाव सांगितला. त्याने घासाघीस केली, मी सोडलं नाही. घेऊन गेला. आत्या आली, म्हणाली, माझी छत्री? मी म्हटलं, चांगल्या भावाने गेली. घरी येताना धो धो पाऊस. दोघी चिंब. आत्या वाटभर मला शिव्या घालत होती आणि मध्येच विचारत होती, पण इतके दिलेन् त्याने?”

नवरा आधी नुसता हसला. मग त्याला ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो थांबेना. सासूबाई त्याच्या पाठीवर थापट्या मारत होत्या आणि स्वतःही हसत होत्या. आतल्या खोलीतून मुलगी अभ्यास टाकून आली आणि दारात उभी राहिली.

“व्हाय इज बाबा क्राइंग?” तिने विचारलं.